वाटेत हलका झालेला डबा

१

ते साल १९६८. त्या वर्षी मी लग्न होऊन या घरात आले. त्याच वर्षी थोरल्या जाऊबाईंनी शब्द टाकून मला आपल्या कारखान्यात लावलं, आणि त्याच वर्षी त्या कारखान्याच्या फाटकाशी, कामावरून सुटलेल्यांच्या गर्दीत, मालकांनी जाऊबाईंना चोर म्हटलं.

कारखाना बाळांच्या दुधाच्या पावडरीचा होता. पावडर मोठ्या पिंपांतून यायची, मिश्रणखोलीत चाळली जायची आणि आमच्या वजनखोलीत डब्यांत भरली जायची. वजनखोलीच्या खिडक्या कायम बंद, वाऱ्याने पावडर उडू नये म्हणून. आत गोडसर वास, पांढऱ्या भिंती आणि मधोमध एक दणकट लाकडी टेबल. त्यावर काटा. लाकडी बैठक, पितळी दांडी, दोन्हीकडे पितळी पारडी. त्याच्या मागच्या स्टुलावर डोक्याला रुमाल बांधून जाऊबाई बसायच्या.

कामाची रीत ठरलेली होती. उजव्या पारड्यात अर्ध्या किलोचं पितळी वजन आणि त्याच्या शेजारी एक रिकामा डबा. डबे भरताना ही दोन्ही तिथून कधी हलायची नाहीत. डाव्या पारड्यात दुसरा डबा ठेवायचा आणि त्यात पळीने पावडर ओतत राहायचं. दोन्हीकडे डब्याचा भार सारखाच, तेव्हा दांडी सरळ झाली की आत नेमकी अर्धा किलो पावडर. मग तो डबा झाकणाच्या यंत्रावरच्या माणसाकडे जायचा. तो पायाने कळ दाबून झाकण पक्कं बसवायचा. त्याला सगळे झाकणराव म्हणत. तिथून डबा माझ्याकडे. मी खळ लावून लेबल चिकटवायची. लेबलावर हसणारं बाळ आणि खाली ठळक अक्षरांत : निव्वळ वजन ५०० ग्रॅम.

तक्रार आली ती मुलांच्या दवाखान्यातल्या सिस्टरकडून. तिच्याकडे आईविना बाळं होती आणि डबे ठरल्यापेक्षा आधीच संपत होते. तिला वाटलं, आपल्या नर्सा चमचे शिगोशीग भरतात. त्यांना रागावून झालं. मग तिने बंद डबे फोडून औषधांच्या काट्यावर घातले. एकही डबा वजनाला पुरा भरला नाही. प्रत्येकात चांगली मूठभर पावडर कमी, आणि सगळ्यांत सारखीच कमी.

मालक तापट, पण नावाला जपणारे. त्यांनी विचार केला तो सरळ होता. डबा भरते कोण? जाऊबाई. मग उरलेली पावडर जाते कुठे?

"तुमच्या पिशवीतून जाते!" ते फाटकाशी सगळ्यांसमोर ओरडले. "बाळांच्या तोंडचं काढता? चोर आहात तुम्ही!"

जाऊबाईंनी पिशवी उलटी केली. जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, विणायची लोकर. पावडरीचा कणही नाही. पण उलटी केलेली पिशवी पाहून कुणाची खात्री पटते का? थोरल्या भावजींचे गुडघे धरलेले, ते घरीच असत. घर जाऊबाईंच्या पगारावर उभं होतं. मालकांनी सांगितलं, सरकारी तपासणी होऊ दे, मग पोलीस.

तपासणीला दुसऱ्याच दिवशी माणूस आला. माणूस कसला, एक बाई.

२

वजनमापं खात्याच्या या निरीक्षकबाईंना बाजारात गुंजबाई म्हणत. सोनाराच्या काट्यात गुंजेचं इवलंसं बी घालत, तेवढादेखील फरक ही बाई सोडत नाही, म्हणून. उंच, हडकुळ्या, चष्म्याला दोरी, हातात चामड्याची जुनी बॅग. पारडं हलत असेल तोवर त्या बोलत नसत, आणि समोरच्यालाही बोलू देत नसत. नुसता तळहात वर करायच्या. मोठमोठे व्यापारी त्या तळहातापुढे गप्प व्हायचे.

त्यांनी बॅगेतून मखमलीची पेटी काढली. आत पितळेची वजनं, जेमतेम नखाएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंत, एकेक आपापल्या खळग्यात झोपलेलं. कापडाच्या चिमटीत धरून त्यांनी ती आमच्या काट्याच्या दोन्ही पारड्यांत ठेवली. तळहात वर. आम्ही श्वास धरून उभे. दांडी डुलली, डुलली आणि अगदी आडवी थांबली. वजनांची अदलाबदल केली, तरी तसंच. आमचं अर्ध्या किलोचं वजनही त्यांच्या वजनाला बरोबर उतरलं.

"काटा खरा आहे," त्या म्हणाल्या.

मालकांनी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या नजरेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे भरणारा हात खोटा," मालक म्हणाले.

"ते मी अजून तोललेलं नाही," गुंजबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही लेबलं लावता ना? माझं सामान धरायला चला माझ्याबरोबर. मला सगळ्यांशी बोलायचंय."

पहिला नंबर झाकणरावाचा लागला.

"डबा तुमच्याकडे उघडा येतो?"

"उघडाच येतो बाई. बंद आला तर माझा पगार कशाचा?"

"मग त्यातली मूठभर तुम्हीही काढू शकता."

"काढू शकतो की! पण ठेवू कुठे? हे बघा." त्याने आपल्या कपड्याचे खिसे बाहेर काढले. दोन्ही फाटके. "आमची ही म्हणते, शिवते, शिवते. वर्ष झालं, अजून शिवतेच आहे. या खिशातून पावडर नेली असती तर दारापर्यंत रांगोळी पडली असती."

गुंजबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी खिसे नीट पाहिले.

नंतर मॅनेजरसाहेब. हा तरुण माणूस मालकांचा उजवा हात. तो आल्यापासून एका पिंपातून निघणारे डबे वाढले होते. सांडासांड थांबवली, असं तो सांगायचा, आणि मालक त्याला लवकरच भागीदार करून घेणार अशी कुजबुज होती. आम्ही त्याच्या खोलीत गेलो तेव्हा त्याने मनगट उचलून सोनेरी घड्याळ पाहिलं.

"विचारा. पण मला वेळ कमी आहे."

"वजनखोलीत तुमच्या काळात काय बदललं?"

"सगळंच सुधारलं. आधीचं टेबल डुगडुगायचं. मी नवं करून घेतलं, पाय जमिनीत बोल्टांनी पक्के. काटा सरकू नये म्हणून भोवती लाकडी पट्ट्या मारल्या. दहा डबे एकसारखे भरायचे तर काट्याची जागा एकसारखी हवी. नाही का?"

"खरं आहे," गुंजबाई म्हणाल्या.

"त्या बाई वाईट नाहीत हो," तो आवाज खाली आणून म्हणाला. "घरी आजारी नवरा. माणसाला मोह होतो. शक्यतो पोलिसात जाऊ नये, एवढं मालकांना सांगा."

मला त्या क्षणी तो देवमाणूस वाटला.

त्यानेच आम्हाला मिश्रणखोली दाखवली. तिथे पावडरीचं धुकंच होतं. आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या. साहेबाने रुमालाने घड्याळाची काच पुसली आणि पुढचं यंत्र दाखवलं. वजनखोलीच्या दाराशी आलो तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," आणि आपल्या खोलीकडे जाऊन परत आला.

गुंजबाई तोवर जाऊबाईंसमोर स्टूल ओढून बसल्या होत्या.

"माझ्यासमोर एक डबा भरा," त्या म्हणाल्या. "रोज भरता तसा."

३

जाऊबाईंनी डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला, मग पळी धरली आणि हात रोजच्यासारखा चालू लागला. रोजचं काम माणसाला असं सावरतं. डावीकडे डबा, उजवीकडे रिकामा डबा आणि या वेळी गुंजबाईंचं मखमलीतलं वजन. पावडर पडत गेली. शेवटी शेवटी जाऊबाई पळी नुसती झटकत होत्या, चिमूट चिमूट. डबा एकदम टपकन खाली आला आणि थांबला.

"असाच बसतो?" गुंजबाईंनी विचारलं.

"डबा असाच बसतो. शहाण्यासारखा. कागदी पाकिटं मात्र डुलत राहतात मेली, हॉटेलवाल्यांची. त्यांना तासभर लागतो."

"पाकिटंही याच काट्यावर?"

"हो, याच. तेव्हा उजवीकडे डब्याच्या जागी रिकामं पाकीट ठेवते."

"त्यांची तक्रार?"

"कधीच नाही," मी मध्येच बोलले. "हॉटेलवाले तर स्वतः तोलून घेतात."

गुंजबाईंनी जाऊबाईंच्या डबा धरलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "तुमचं घड्याळ पुढे आहे."

जाऊबाई ओशाळल्या. "ते रोजच पुढे जातं हो. सकाळी भोंग्याला लावते, संध्याकाळी परत पळालेलं. आमच्या यांनी घेतलेलं, लग्नानंतर. इतकी वर्षं कधी खोड काढली नाही त्याने. हल्ली हल्लीच बिघडलंय."

"तुमच्या वयाला शोभेल असं तरी वागावं की नाही त्याने," झाकणराव पलीकडून म्हणाला. "आपल्या साहेबांच्या घड्याळाचं बघा. ते आपल्या खोलीत येतच नाही."

बायका खुसखुसल्या. साहेब दारात उभा होता. त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. नुसता पट्ट्याचा फिकट वळ.

"पावडर उडते इथे," तो म्हणाला. "महागाचं घड्याळ आहे."

गुंजबाईंनी मान डोलावली. त्यांनी तो भरलेला डबा झाकणरावाकडे दिलाच नाही. स्वतः यंत्रावर बसून झाकण लावलं, कडेला लाख ओतली, लाखेवर आपल्या अंगठीचा ठसा मारला. मग मालकांना म्हणाल्या, "हा काटा मी ऑफिसात नेते. ही बाई, तुम्ही आणि ही मुलगी माझ्याबरोबर चला. डबा या मुलीच्या मांडीवर राहील. कुणी हात लावायचा नाही."

वाटभर मी तो डबा पोटाशी धरून बसले. गाडी खड्ड्यात गेली तरी सोडला नाही. लहान मूलसुद्धा मी पुढे कधी इतकं घट्ट धरलं नसेल.

त्यांची तपासणीची खोली मला देवघरासारखी वाटली. बाहेरच्या रस्त्याचा आवाज तिथे पोचत नव्हता. काचेच्या पेटीत एक मोठा नाजूक काटा, त्याला श्वास लागू नये म्हणून तोंडावर फडकं धरूनच पेटी उघडायची. कपाटात त्यांच्या खात्याचं मुख्य वजन, दोन घंटाकृती काचांखाली. "बाजारातलं प्रत्येक वजन याचं नातवंड," गुंजबाई म्हणाल्या. एवढ्याशा पितळेच्या तुकड्यावर हजारो घरांचा स्वयंपाक विसंबून आहे, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. आपण रोज लेबल चिकटवतो तेव्हा या काचेखालच्या तुकड्याची शपथ घेतो, असं काहीतरी मनात आलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

आधी त्यांनी आमचा काटा टेबलावर मांडला. पितळी वजनांनी तपासला. खरा.

मग मोहोर सगळ्यांना दाखवून माझ्या मांडीवरचा डबा घेतला आणि डाव्या पारड्यात ठेवला. उजवीकडे तोच रिकामा डबा, तेच वजन, शिवाय तसंच एक झाकण आणि तेवढीच लाख. तळहात वर.

डबा वर उचलला गेला. कमी होता. मूठभर कमी.

मालक खुर्चीतून उठले. जाऊबाईंनी माझा हात धरला. तोच काटा, तोच डबा, तेच वजन. लाख कुठेही तडकलेली नव्हती. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण भरलेला डबा वाटेत हलका झाला होता.

४

"भूत आहे," मालक पुटपुटले.

"भूत असेल तर तेही तोलू," गुंजबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. त्या घाबरल्या नव्हत्या. एखाद्या मुलीला अवघड कोडं मिळावं तशा खूश होत्या. त्यांनी तो डबा माझ्याकडे परत दिला. "घरी न्या. उद्या सकाळी कारखान्यात घेऊन या. मोहोर मी ओळखते."

त्या रात्री आमच्या घरात डबा फडताळावर आणि सगळे त्याच्याकडे बघत बसलेले. थोरले भावजी म्हणाले, "हिचं नशीबच हलकं, डबा काय करील?"

"गप्प बसा हो," जाऊबाई म्हणाल्या. मग मला हळूच, "धाकटे, उद्या मला बेड्या घातल्या तर यांच्या गुडघ्यांना तेल लावायचं तू बघ. मोठ्या बाटलीतलं. छोटीतलं नको, ते नासलंय."

मला रडू फुटलं. त्या रागावल्या, "अगं, तेलाचं सांगतेय, मरणाचं नाही!"

सकाळी वजनखोलीत सगळे जमले. मालक, साहेब, झाकणराव, मिश्रणखोलीतल्या बायका. काटा परत पट्ट्यांच्या मध्ये बसवला होता. गुंजबाईंनी उजवीकडे कालचंच सगळं मांडलं आणि माझा लाखबंद डबा डाव्या पारड्यात ठेवला.

डबा टपकन खाली आला आणि सरळ थांबला. पूर्ण अर्धा किलो.

खोलीत कुणीतरी देवाचं नाव घेतलं. झाकणरावाचं तोंड उघडंच राहिलं.

"ही मोहोर माझी आहे, फुटलेली नाही," गुंजबाई म्हणाल्या. "म्हणजे आत पावडर कालएवढीच आहे. ऑफिसात डबा हलका, इथे जड, परत तिकडे नेला तर परत हलका होईल. पावडर बदलत नाही. काटा बदलत नाही. मग बदललं काय? जागा."

त्यांनी दोन रिकामे डबे मागितले. दोन्ही पारडी मोकळी केली. एक रिकामा डबा डावीकडे, एक उजवीकडे.

"इतके दिवस या खोलीत हे कुणीच केलं नाही," त्या म्हणाल्या. "उजवीकडचं वजन कधी हलायचं नाही, अशी तुमची रीत. रिकाम्या डब्यासमोर नुसता रिकामा डबा ठेवायची कुणाला वेळच आली नाही."

तळहात वर.

डावीकडचा रिकामा डबा हळूहळू खाली जाऊ लागला. आधी आळसावल्यासारखा, मग एकदम टपकन.

त्यांनी डबे बदलले. उजवीकडचा डावीकडे. पुन्हा डावीकडचाच खाली गेला. दोन्ही डबे काढून पितळी वजनं ठेवली. दांडी आडवी. दोन कागदी पाकिटं ठेवली. दांडी डुलत डुलत आडवी.

"पितळेला काही होत नाही. कागदाला काही होत नाही. पत्र्याला होतं." त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. "आणि घड्याळातल्या पोलादी स्प्रिंगला होतं."

त्यांनी काटा उचलून बाजूला ठेवला. बॅगेतून शिवणाची सुई काढली, दोरा ओवला आणि टेबलाच्या उजव्या कडेवर सुई लोंबती धरली. सुई सरळ लोंबत होती. मग हात सावकाश डावीकडे नेला.

सुई वाकली. दोरा तिरका झाला. कुणाचा हात नाही, वारा नाही, खिडक्या बंद, आणि ती सुई टेबलाच्या लाकडाकडे मान वळवून हवेत तशीच थांबली. मी आता म्हातारी झाले. माणसं चंद्रावर जाऊन आलेली ऐकली, खिशातल्या फोनवर नातवाचं तोंड पाहिलं. पण त्या सुईएवढं आश्चर्य मला पुन्हा कशाचं वाटलं नाही.

"हे टेबल केलेला सुतार बोलवा," मालक म्हणाले.

फळी खालून उघडली तेव्हा तिच्या पोटात कोरलेला खण निघाला, आणि त्यात घोड्याच्या नालेच्या आकाराचे जाड लोहचुंबक, एकाला एक बांधलेले, वर रंग दिलेले. कुठल्यातरी जुन्या यंत्रातून काढलेले असावेत. डबा डावीकडे ठेवला की ते त्याला गुपचूप खाली ओढत. जाऊबाईंना वाटे डबा भरला. मूठभर पावडर पिंपातच राही, आणि तिचे आणखी डबे होत.

"हे कुणी केलं?" मालक ओरडले.

५

"सुतारानेच, दुसरं कोण," साहेब लगेच म्हणाला. "नाहीतर या बाईंनीच करवून घेतलं असेल. टेबलाशी त्याच तर बसतात."

गुंजबाई चष्मा पुसत होत्या. वर न बघता त्या सहज म्हणाल्या, "साहेब, किती वाजले हो?"

साहेबाने सवयीने डावा हात उचलला. उघडं मनगट. सगळी खोली त्या फिकट वळाकडे बघत राहिली. हात उचललेला तसाच राहिला.

"तुमच्या खोलीत घड्याळ हातात होतं," गुंजबाई म्हणाल्या. "मिश्रणखोलीत होतं. तिथे पावडरीने समोरचा माणूस दिसत नव्हता, तरी तुम्ही ते काढलं नाहीत, काच तेवढी पुसलीत. इथे खिडक्या बंद आहेत, पावडर फारशी उडत नाही. तरी इथे यायच्या आधी तुम्ही परत जाऊन ते ठेवून आलात. पावडरीला भीत असतात ते तिकडे काढतात. तुम्ही इकडे काढता. या टेबलापाशी घड्याळ बिघडतं हे या खोलीत बसणाऱ्या बाईंना माहीत नव्हतं. त्या बिचाऱ्या रोज लावत राहिल्या. सुताराला माहीत असेल तर त्याने ते कुणाच्या सांगण्यावरून केलं ते तो सांगेल. पण इथे घड्याळ आणायचं नाही, हे माहीत असलेला माणूस एकच आहे."

सुतार दाराशीच उभा होता. तो खाली मान घालून म्हणाला, "साहेबांनी सांगितलं, काटा स्थिर राहायला लागतात. मला काय कळतं त्यातलं."

साहेब एकदम मालकांना म्हणाला, "पिंपातून जास्त डबे निघाले तेव्हा तुम्ही कधी विचारलंत का, कसे निघाले म्हणून?"

मालकांचा चेहरा पडला. राग नव्हता त्यावर. हा प्रश्न खराच होता, आणि खोलीतल्या सगळ्यांना तो ऐकू गेला होता.

त्यांनी जाऊबाईंकडे वळून हात जोडले. "बाई, माझं चुकलं."

"इथे नको मालक," जाऊबाई म्हणाल्या. आवाज शांत होता. "जिथे म्हणालात तिथे म्हणा."

संध्याकाळी भोंगा झाला. मालक फाटकाशी स्टुलावर चढले. सुटलेली सगळी माणसं थांबली. तापट माणसाला माफी मागणं किती जड जातं ते मी तेव्हा पाहिलं. एकेक करत त्यांनी सगळे शब्द बाहेर काढले. चोर हा शब्दसुद्धा त्यांनी परत उच्चारला, म्हणजे कुठला शब्द परत घेतोय यात कुणाला शंका राहू नये. जाऊबाई शेवटपर्यंत ताठ उभ्या होत्या. घरी आल्यावर मात्र त्यांना चूल पेटवता येईना. काडी विझत राहिली. शेवटी मीच चहा केला.

६

गुंजबाईंनी दुकानादुकानांतले डबे परत मागवले. मालकांना वाटलं, ते ओतून पुन्हा भरावेत. गुंजबाई म्हणाल्या, फोडलेल्या डब्यातली पावडर बाळांना द्यायची नाही. त्याऐवजी एकेक डबा तोलला, आणि मला नवी लेबलं दिली. हसणारं बाळ तेच, खाली मात्र खरं निघालेलं वजन, आणि त्या मानाने उतरवलेली किंमत. मी कित्येक दिवस जुन्या लेबलांवर नवी चिकटवत होते. मुलांच्या दवाखान्याला मालकांनी कमी गेलेली पावडर पोचती केली. सिस्टरने ती पुन्हा तोलून घेतली. बरोबर केलं तिने.

साहेबावर खटला झाला. तुरुंगातून सुटल्यावर तो दूर कुठेतरी गेला. कुणी म्हणे शाळेत गणित शिकवतो, आणि चांगलं शिकवतो. सुताराला समज देऊन सोडलं. पुढे त्याने कुणाच्याही सांगण्यावरून फळीत खण कोरला नाही, आधी विचारायचा, कशासाठी. मालक बऱ्याच वर्षांनी वारले. तोवर त्यांनी पिंपातून किती डबे निघाले हे रोज स्वतः विचारलं, आणि कमी निघाले तर कधी रागावले नाहीत. झाकणरावाच्या बायकोने शेवटी खिसे शिवले. त्याने त्यात पहिल्यांदा काय ठेवलं असेल तर आमच्या वजनखोलीतल्या सगळ्या बायकांसाठी गोळ्या. थोरले भावजी गुडघ्यांसकट खूप जगले, आणि त्यांनी घेतलेलं ते घड्याळ घड्याळजीने ठीक केल्यावर पुढे कधी पळालं नाही.

गुंजबाई निवृत्त झाल्यावर मी एकदा त्यांना भेटायला गेले होते. घर लहान, स्वच्छ, स्वयंपाकघरात साधा काटा. मनात कधीचं होतं ते मी विचारलं. "बाई, सगळं जाऊबाईंच्या विरुद्ध होतं. तुम्ही त्यांच्यावर विश्वास कसा ठेवलात?"

त्या जरा चकित झाल्या. "विश्वास? मी त्यांना ओळखतही नव्हते. मी तोलत गेले, एवढंच. त्या चोर निघाल्या असत्या तरी मी तेच केलं असतं."

मला ते ऐकून थोडं वाईट वाटलं होतं. घरी येऊन मी जाऊबाईंना सांगितलं, तर त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघत राहिले. "असं म्हणाल्या?" त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं.

जाऊबाई मागच्या वर्षी गेल्या. त्या वजनखोलीतूनच मानाने निवृत्त झाल्या होत्या. शेवटच्या आजारपणात कारखान्यातल्या जुन्या माणसांची मुलं, नातवंडं भेटायला यायची. एकदा एक सून जवळ बसून म्हणाली, "आजी, तुम्ही निर्दोष आहात हे तेव्हाही सगळ्यांना मनातून माहीत होतं म्हणे."

जाऊबाईंनी उशीवर मान वळवली. आवाज क्षीण झाला होता, पण त्यात जुना करारीपणा होता.

"कुणालाही माहीत नव्हतं ग," त्या म्हणाल्या. "मोजलं, तेव्हा कळलं."